प्रश्न कोणाचा, उत्तर कोणाच्या हाती?

२०१० साली डेसिन, डेसिन आणि मटिअर या तीन अभ्यासकांनी सामाजिक उद्योजकतेच्या तोवर झालेल्या व्याख्या एका तक्त्यात मांडल्या. त्या ३७ भरल्या. त्याच्या आदल्या वर्षी शॉर्ट, मॉस आणि लम्पकिन यांनी या विषयावरचे १५२ शोधनिबंध तपासले होते. संकल्पनेची चर्चा करणारे निबंध जास्त आणि प्रत्यक्ष माहिती गोळा करून काही पडताळणारे कमी, असं त्यांना दिसलं. ज्या विषयाचा सगळा जीव ‘लोकांच्या आयुष्यात काय बदललं’ या प्रश्नात आहे, त्याचे अभ्यासक इतकी वर्षं ‘उद्योजक म्हणायचं कोणाला’ यावर खर्ची पडले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. आज आपल्या कंपन्यांच्या सीएसआर विभागांत, विद्यापीठांच्या इन्क्युबेशन केंद्रांत आणि देणगीदारांच्या बैठकांत ‘इम्पॅक्ट’चे जे अहवाल फिरतात, त्यांची भाषा याच निबंधांतून आली आहे. त्या भाषेत काय राहून गेलं आहे, हे पाहायला हवं.

माझं म्हणणं असं आहे: सामाजिक कामावरच्या संशोधनाची किंमत दोन गोष्टींवर ठरते. प्रश्न कोणाच्या गरजेतून आला आणि उत्तर शेवटी कोणाच्या हाती पडलं. संशोधनाची पद्धत महत्त्वाची आहेच, आकडे काटेकोर हवेतच, पण या दोन गोष्टी चुकल्या तर उत्तम पद्धतीने केलेला अभ्यासही ज्यांच्यावर केला त्यांच्या उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात हे दोन्ही जुळून आल्याची उदाहरणं आहेत, आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

आधी हा अभ्यासविषय कसा घडला ते थोडक्यात. बिल ड्रेटन यांनी १९८० मध्ये ‘अशोका’ ही संस्था काढली. समाज बदलणारी असामान्य माणसं शोधायची आणि त्यांना पाठबळ द्यायचं, ही तिची कल्पना. तिच्या पहिल्या फेलो मुंबईतल्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा होत्या. १९९८ मध्ये ग्रेगरी डीज यांनी सामाजिक उद्योजकाचं जे वर्णन लिहिलं, ते आजही पहिल्या तासाला शिकवलं जातं. २००३ मध्ये स्टॅनफर्डमधून या विषयाचं नियतकालिक सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये ईबेचे पहिले अध्यक्ष जेफ स्कोल यांच्या देणगीतून अभ्यासकेंद्र उभं राहिलं. २००६ मध्ये मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं आणि हा विषय घराघरांत पोचला.

या क्रमात एक गोष्ट उघड दिसते. व्यक्तीला निवडणाऱ्या, फेलोशिप देणाऱ्या, पैसा पुरवणाऱ्या संस्था आधी आल्या आणि अभ्यास त्यांच्या मागून आला. त्याच ऑक्सफर्ड केंद्रातल्या अॅलेक्स निकोल्स यांनी २०१० मध्ये हे स्पष्ट लिहिलं: या क्षेत्राची भाषा ज्या मोजक्या संस्था घडवतात, त्या ती आपल्या कामाला साजेशी घडवतात. हे आतूनच कोणीतरी म्हटलं, हे बरं झालं. पण परिणाम व्हायचा तो झालाच. ज्याला निवडायचं, ज्याला पुरस्कार द्यायचा, ज्याच्यावर प्रकरण लिहायचं, तो एक माणूस लागतो. म्हणून अभ्यासाचा नायक एक माणूस झाला.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण घ्या. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. १९९३ मध्ये हार्वर्डने त्यावर ‘केस’ लिहिली आणि तेव्हापासून जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ती शिकवली जाते आहे. संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या या डॉक्टरांची जिद्द थोर आहे, यात शंका नाही. पण एका सर्जनकडून दिवसभरात इतक्या शस्त्रक्रिया होतात, त्या होतात तरी कशा? तमिळनाडूच्या खेड्यांतून शाळा संपवून आलेल्या मुलींना तिथे नेत्रसेवेचं प्रशिक्षण मिळतं. डोळे तपासणं, रुग्णाची तयारी, शस्त्रक्रियेच्या वेळची मदत, नंतरची देखभाल हे सगळं त्या सांभाळतात, म्हणून डॉक्टरच्या वाट्याला फक्त डॉक्टरनेच करायचं काम उरतं. या व्यवस्थेचा कणा त्या मुली आहेत. वर्गातल्या चर्चेचा झोत मात्र बहुतेक वेळा संस्थापकावर राहतो. त्या मुलींचं वेतन, त्यांची बढती, चाळिशीनंतरचं त्यांचं आयुष्य हे प्रश्न चर्चेत मागे पडतात, कारण ते विचारण्याची गरज वर्गात बसलेल्या कोणालाच नसते.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. त्यांनी संशोधन हा कामाचा भाग मानला. काम संपल्यावर बाहेरच्या कोणी येऊन लिहायचा अहवाल, असं त्याचं रूप त्यांच्याकडे कधीच नव्हतं. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास छापला गेला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी कार्यक्रमांत होतं. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीचे त्रास या गोष्टी बायका एकमेकींत बोलत होत्या, दवाखान्याच्या नोंदवहीत त्यांना रकाना नव्हता. हा प्रश्न बायकांचाच होता. संशोधनाने त्याला नोंद आणि आकडा दिला, आणि तो आकडा जगाला टाळता आला नाही.

त्यानंतर लहान मुलांचा न्यूमोनिया. आजार ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त भरले तर धोका. पण गावातल्या दाईला शाळेचं तोंड पाहायला मिळालेलं नव्हतं, साठपर्यंतचे आकडे तिच्या रोजच्या वापरात नव्हते. मग एक छोटं उपकरण तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी आणि एक थोड्या मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. बाळाच्या उघड्या पोटाकडे एकटक बघत, एका हाताने मणी सरकवत ती निदान करते, आणि तिचं निदान डॉक्टरच्या निदानाशी ताडून पाहिलं जातं. सामाजिक नवोपक्रम म्हणतात तो मला इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. उपकरण कुणासाठी आहे हे आधी ठरलं, तिला काय येतं हे मान्य केलं गेलं, आणि मग ते खरंच चालतं का याची परीक्षाही घेतली गेली.

याच वाटेवर पुढे नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. ३९ गावांत तो राबवला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच एका बाईला शिकवायचं. तिने बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ते उबेत ठेवायला शिकवायचं, अंगावर पाजण्यातल्या अडचणी सोडवायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण दर हजारी २५ च्या आसपास आलं, तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपास राहिलं. डिसेंबर १९९९ मध्ये हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात सेवेचा देशभरचा कार्यक्रम सुरू केला.

इथवरची कथा सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि संशोधनाची खरी गरज तिथेच आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात आशांच्या हाती इंजेक्शन दिलं गेलं नाही. त्यांनी घरी भेटी द्यायच्या, तपासायचं आणि धोका दिसला तर पुढे पाठवायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी, घरी झालं असेल तर सात, आणि त्या पूर्ण केल्यावर एका बाळामागे २५० रुपये. म्हणजे गडचिरोलीत जे सिद्ध झालं आणि देशभर जे राबवलं गेलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शन न देण्याचा निर्णय सावधगिरीचा असू शकतो, त्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत. पण मग मूळ प्रयोगाचे आकडे या कार्यक्रमाच्या नावावर जमा करता येत नाहीत. नवोपक्रम मोठा होताना त्यातलं काय गळलं, कोणामुळे गळलं, त्याची किंमत कोणी मोजली, हा अभ्यासाचा गाभा व्हायला हवा. शिवाय आशा ही सरकारच्या लेखी स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. महाराष्ट्रातल्या आशांनी त्यासाठी वारंवार संप केले, आझाद मैदानावर ठाण मांडलं. पहाटे बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या, वजनाचा काटा आणि नोंदवही सांभाळणाऱ्या या बायकांच्या श्रमावर जो नवोपक्रम उभा आहे, त्याच्या यशाचं मोजमाप त्यांच्या मोबदल्याला वगळून करणं मला मान्य नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. काम करणाऱ्यांनीच आपल्या कामाचं संशोधन केलं, तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आपल्या लेकराला कोण वाईट म्हणेल? आक्षेप खरा आहे आणि तो टोलवू नये. त्याला उत्तर म्हणून जामखेडचं उदाहरण देतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या निरक्षर, बहुतेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जगभर ते काम गाजलं. पण जवळपास चाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक तुलनात्मक अभ्यास आला. बाहेरच्या संशोधकांचा त्यात पुढाकार होता. प्रकल्पातल्या आणि त्याबाहेरच्या गावांतल्या बायकांना त्यांच्या बाळंतपणांचा आणि मुलांचा इतिहास विचारून तो केला गेला. पहिला महिना ओलांडलेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंवर मात्र स्पष्ट परिणाम दिसला नाही. हे दुसरं वाक्यही छापलं गेलं, याचं मला फार मोल वाटतं. कामाची थोरवी त्याने उणावत नाही. उलट कुठे काम बाकी आहे ते कळतं.

आणि तरी त्या अभ्यासातही एक गोष्ट मावत नाही. आरोळे दांपत्याने बोअरवेल दलित वस्त्यांमध्ये घेतल्या, त्यामुळे सवर्णांना पाण्यासाठी तिथे यावं लागलं. एका पिढीत गावाच्या पाणवठ्याचं काय झालं, हे बालमृत्यूच्या दरात दिसणार नाही. म्हणून आकडे टाकून द्यावेत असं मी म्हणत नाही. आकड्यासोबत त्या गावात राहून, ऐकून, पिढ्यांचा माग घेऊन लिहिणारा मानवशास्त्रज्ञही हवा, आणि त्याच्या लेखनाला नियतकालिकांत तेवढीच जागा हवी.

गोष्ट पुराव्याच्या पुढे धावली की काय होतं, हे सूक्ष्मकर्जाच्या बाबतीत आपण पाहिलं. बाईच्या हाती छोटं कर्ज दिलं की कुटुंब दारिद्र्यातून बाहेर पडतं, हा विश्वास जगभर पसरला. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची चाचणी घेतली. आधीपासून धंदा असलेल्या काही घरांचा व्यवसाय वाढला. आरोग्य, शिक्षण, घरातलं बाईचं स्थान यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. २०१५ मध्ये हा निबंध निरनिराळ्या देशांतल्या आणखी पाच अभ्यासांबरोबर एकत्र प्रसिद्ध झाला आणि सगळ्यांचा सूर साधारण तोच होता: फायदा थोडा, कायापालट नाही. पण त्याआधीच २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने हाहाकार झाला होता, सरकारला ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढावा लागला होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका सूक्ष्मकर्ज कंपनीचे शेअर बाजारात विकायला आले होते. ज्या बायका दर आठवड्याला हप्ता भरत होत्या, त्यांना विचारलं असतं तर एकाचं कर्ज फेडायला दुसऱ्याकडून कर्ज घ्यावं लागतं हे त्यांनी कधीच सांगितलं असतं.

पुण्यात मात्र प्रश्न ज्यांचा होता, त्यांच्याबरोबर राहूनच तो मांडला गेला. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागातल्या प्राध्यापिका आणि कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या निमित्ताने त्यांच्या आयांबरोबर फिरू लागल्या. उकिरड्यात हात घालून माल वेचण्यापेक्षा घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला, तर कमाई वाढते आणि हातही कापत नाहीत, हे त्या बायकांकडूनच समजलं. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. पुढे महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली, म्हणजे पोलिसाने ‘चोरीचा माल का?’ म्हणून हटकलं तर दाखवायला काहीतरी हाती आलं.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या भंगार व्यवसायाचा एक अभ्यास झाला. पूर्णिमा चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांनी तो केला. कचरावेचक रोज किती पुठ्ठा, किती काच, किती प्लास्टिक उचलतात, भंगाराच्या दुकानात त्याला काय भाव मिळतो, आणि तेवढा कचरा पालिकेला वाहून न्यावा लागला असता तर किती खर्च आला असता, याचा हिशोब त्यात मांडला गेला. तोवर या बायका पालिकेच्या लेखी उपद्रव होत्या. आता त्या पालिकेचे पैसे वाचवणाऱ्या कामगार ठरल्या. हाच हिशोब घेऊन पंचायतीने वाटाघाटी केल्या आणि पुणे महानगरपालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. त्यानंतर ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार पालिकेशी केला. करार संपत आला की नूतनीकरणासाठी दर वेळी झगडावं लागतं, कंत्राटदार टपलेले असतात, ही लढाई संपलेली नाही. पण शोधनिबंधातला आकडा कचरावेचक बाई सभेत उभी राहून सांगते, हे मी सामाजिक संशोधनाचं मोठं यश मानतो. तिथे उत्तर तिच्या हाती पोचलं.

विद्यापीठाचा माणूस आणि काम यांची अशी सांगड महाराष्ट्राला नवी नव्हती. गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. देशातला नामवंत अर्थतज्ज्ञ शेतकऱ्यांच्या कारखान्याचा कारभार सांभाळतो, ही गोष्ट आजच्या प्राध्यापकाला अविश्वसनीय वाटेल. त्यानंतर बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरात राहून साखर कारखान्यातलं राजकारण अभ्यासलं, त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. डोनाल्ड अॅटवूड यांनी १९९२ च्या पुस्तकात लहान आणि मोठ्या ऊस उत्पादकांचे हितसंबंध कारखान्यात कसे जुळले, ते दाखवलं. कारखान्याला पुरेसा ऊस हवा, म्हणून लहान शेतकऱ्याला दूर लोटून चालत नव्हतं. सभासद, भागभांडवल, निवडणूक, भाव, गटबाजी या सगळ्यांची इतकी बारकाईने केलेली चिकित्सा सामाजिक उद्योजकतेच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. तरीही या विषयाच्या अभ्यासक्रमांत ही पुस्तकं अपवादानेच दिसतात. सहकार हा जुना, राजकारणाने बरबटलेला विषय ठरला आणि त्याचे धडेही त्याच्याबरोबर कपाटात गेले. संस्था यशस्वी झाली की सत्ता कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न स्टार्टअपच्या तरुणांना पुढे पडणारच आहे. त्याचं उत्तर कोपरगावात चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

पण सहकारावरच्या या अभ्यासांकडेही एक प्रश्न विचारावा लागेल. सभासदाचं भलं झालं हे मोजताना, जो सभासद नाही त्याचं काय? ऊसतोड मजूर कोयता घेऊन बीडहून निघतो, सहा महिने पाचटाच्या खोपटात राहतो, मुकादमाची उचल फेडतो. कारखान्याच्या ताळेबंदात तो तोडणी-वाहतुकीच्या खर्चात असतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण पाहून २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. ज्या संस्थेला आपण सामाजिक परिवर्तनाचं उदाहरण म्हणतो, तिच्या चौकटीबाहेर कोण राहिलं, हे पाहिल्याशिवाय तिच्या यशाचा हिशोब पुरा होत नाही.

ज्ञान कोणाच्या नावावर लागतं, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे छोटं गाव. तिथले दीड एकराचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरत राहिले आणि त्यातून बारीक दाण्याचा, भरघोस उताऱ्याचा वाण तयार झाला. व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हटलं. पुढे कृषी विद्यापीठाने याच वाणाचं शुद्धीकरण करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ वाण प्रसारित केला. आपल्याला श्रेय आणि लाभ मिळाला नाही, असं दादाजी अखेरपर्यंत सांगत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला, फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, पण २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही त्यांची आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. अहमदाबादच्या आयआयएममधले अनिल गुप्ता यांनी ‘हनी बी नेटवर्क’चा जो नियम घालून दिला तो इथे आठवतो: ज्याच्याकडून ज्ञान घेतलं त्याचं नाव लावायचं, आणि ते ज्ञान त्याच्या भाषेत त्याला परत द्यायचं. प्रत्येक पीएच.डी.च्या नियमावलीत हा नियम असायला काय हरकत आहे?

आता हे सगळं तातडीचं का आहे ते सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपन्यांची ही जबाबदारी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना एक कोटी आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. २०२३ मध्ये सामाजिक शेअर बाजारातून पहिल्या संस्थेने निधी उभारला. म्हणजे मूल्यमापन हा आता एक व्यवसाय झाला आहे. मोजणाऱ्याचे पैसे निधी देणारा भरतो, आणि अहवाल इंग्रजीत त्याच्याकडेच जातो. अशा व्यवस्थेत प्रश्न देणाऱ्याच्या सोयीचे होणं स्वाभाविक आहे: किती लाभार्थी, किती प्रशिक्षणं, किती चुली वाटल्या.

चुलींचंच पाहा. ओडिशात सुधारित चुलींच्या एका मोठ्या कार्यक्रमाचा रेमा हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी धुराचा त्रास कमी झालेला दिसला. पुढे तो फायदा नाहीसा झाला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही. पहिल्याच वर्षी अहवाल लिहून मोकळं झालं असतं, तर तो कार्यक्रम यशस्वी म्हणून कायमचा नोंदला गेला असता. पुणे, मुंबई, नाशिकच्या कचेऱ्यांत पडलेले किती अहवाल अशा पहिल्या वर्षाचे आहेत, याची मला काळजी वाटते.

म्हणून विद्यापीठांच्या समाजशास्त्र, समाजकार्य आणि व्यवस्थापन विभागांतल्या मार्गदर्शकांना आणि कंपन्यांच्या सीएसआर समित्यांना माझी थेट विनंती आहे. ज्या गावात, वस्तीत, कारखान्यावर माहिती गोळा केली, तिथे मराठीत किंवा तिथल्या गोंडी-कोरकूसारख्या भाषेत निष्कर्ष वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नका आणि मूल्यमापनाचं शेवटचं बिल देऊ नका. ग्रामसभेत, पंचायतीच्या बैठकीत, आशांच्या गटसभेत ते वाचा. लोकांनी घेतलेले आक्षेप परिशिष्टात जसेच्या तसे छापा. काय चाललं नाही याचं एक प्रकरण सक्तीचं करा. आणि तीन वर्षांनी पुन्हा त्याच घरांत जाण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात ठेवा. यासाठी नवा कायदा लागत नाही, विद्यापीठाच्या संशोधन समितीचा एक ठराव पुरतो. येत्या शैक्षणिक वर्षापासून तो करता येईल.